अचानक आडवी आली

टायपिस्टबाईंनी वकिलाच्या कारकुनाच्या हातातून फाईल जवळजवळ हिसकावलीच आणि टेबलावर आपटली.

"दोन प्रती, आणि आत्ताच्या आत्ता. असंच ना? जिवंत माणसांना भारी घाई असते बाबा!"

कारकून कसनुसा हसला. बाईंची जीभ त्याच्या परिचयाची होती. पोलीस चौकीसमोरच्या फुटपाथवर, पत्र्याच्या शेडखाली, बावीस वर्षं त्या टेबल मांडून बसल्या होत्या. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर. चौकीत जाणारा जवळपास प्रत्येक अर्ज, प्रत्येक जबाब त्यांच्या बोटांखालून जायचा. पण गेल्या दहा दिवसांत त्या नुसत्या फणफणत होत्या, आणि का फणफणू नयेत?

दहा दिवसांपूर्वी, भर दुपारी, समोरच्या चौकात कोपऱ्यावरच्या घड्याळजींची मुलगी मेली होती. औषधांच्या दुकानात कामाला जायची, गरीब गाय. फुटपाथवरून चालली होती. मोटरसायकलवरून दोघे आले, मागच्याने तिच्या पर्सला हात घातला. पट्टा तुटला नाही, तिच्या दंडात अडकून बसला. मग थांबावं की नाही? छे! मेल्यांनी उलट वेग वाढवला. मुलगी फुटपाथवरून फरफटत रस्त्याच्या मधोमध गेली आणि येणाऱ्या टेम्पोखाली सापडली. पोलिसांनी दोघांना दुसऱ्या दिवशी धरलं, पण साक्षीदार म्हणून उभं राहायची वेळ आली तेव्हा अख्ख्या चौकात काळं कुत्रं पुढे आलं नाही. चहावाला म्हणे पाठमोरा होता. चपलांच्या दुकानदाराला नेमका तेव्हाच फोन आला होता. आणि बाईंच्या शेजारी गाडा लावणारा फळवाला, ज्याच्या गाड्यापासून हातभर अंतरावर हे घडलं, तो मान खाली घालून म्हणाला, "मी नाही पाहिलं."

"डोळे काय गहाण टाकलेत?" बाई त्याच्यावर सगळ्यांदेखत ओरडल्या होत्या. तेव्हापासून त्याच्याशी बोलणं बंद.

जबाब दिला तो एकट्या बाईंनी. घड्याळजी हात जोडून म्हणाले होते, "ताई, तुम्ही लिहून दिलंत, आता मला काळजी नाही. माझी पोर स्वतःच्या चुकीने मेली नाही, एवढं कोर्टाने म्हटलं की झालं."

"कुणाचं आहे हे?" बाईंनी फाईल उघडत कारकुनाला विचारलं.

"त्या पर्सवाल्या दोघांचं. उद्या जामिनाची सुनावणी आहे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या टेबलावर? त्या खुन्यांचे कागद माझ्या टेबलावर? उचल आधी!"

"चिडू नका हो बाई. आमचे वकीलसाहेब तर म्हणाले, बाईंचे आभार मान. तुमच्या जबाबानेच काम सोपं केलं."

"काय बरळतोस?"

कारकुनाने पान काढून दिलं. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

'त्यांनी पर्सला हिसका दिला व वेगाने निघाले. तेवढ्यात सदर मुलगी अचानक आडवी आली व टेम्पोची धडक बसून मयत झाली.'

खाली बाईंची सही.

"म्हणजे बघा," कारकून म्हणाला, "यांच्यावर राहिला चोरीचा प्रयत्न. मरण तिच्या स्वतःच्या चुकीने. तुम्हीच लिहिलंय."

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. त्या दिवशी चौकीतला लिहिणारा रजेवर होता. चौकीचे साहेब म्हणाले होते, तुमचा जबाब तुम्हीच टाइप करून आणा. डोळ्यांना धारा लागलेल्या, कॉम्प्युटरचा पडदा दिसत नव्हता, पण बोटं चालत होती. आणि बोटांना हे वाक्य तोंडपाठ होतं. बाई नवीन होत्या तेव्हा चौकीतल्या एका म्हाताऱ्या जमादाराने शिकवलं होतं: अपघाताच्या जबाबात प्रत्येकाचं वेगळं लिहीत बसू नका, हे एक वाक्य पाठ करा. केलं होतं पाठ. बावीस वर्षं म्हातारे, पोरं, सायकलवाले, सगळे अचानक आडवे आले होते.

फाईल कारकुनाच्या अंगावर टाकून बाई तरातरा चौकीत गेल्या.

"दुरुस्ती देता येईल," साहेब म्हणाले, "पण कारण काय लिहायचं? घाबरले होते, असं लिहा. चालून जाईल."

"मी घाबरले नव्हते. सवयीने लिहिलं."

साहेबांनी वर पाहिलं. "बाई, हे कागदावर आलं तर तुमच्याकडे उद्यापासून कुणी फिरकणार नाही. आणि एकट्या तुमच्या शब्दावर वकील हसेल. दुसरा साक्षीदार आहे?"

बाई तशाच फळवाल्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात, श्वास फुललेला.

"चला चौकीत. तुम्ही पाहिलंय. मला ठाऊक आहे, तुम्ही पाहिलंय! एका पोरीच्या मरणावर गप्प बसायला लाज नाही वाटत?"

फळवाल्याने हातातला तराजू खाली ठेवला.

"सगळं पाहिलं, बाई. ओढत नेली तिला."

"मग बोलला का नाहीत?"

"एकदा बोललो होतो. सात वर्षांपूर्वी. आमची मंडळी गेली तेव्हा." त्याचा आवाज चढला नाही. "ती इथेच, फुटपाथवर, पेट्या लावत उभी होती. बस वर चढून तिच्या अंगावर आली. जमादाराने तुमच्याकडे पाठवलं. याच टेबलासमोर बसून मी सांगितलं, ती उभी होती. तुम्ही टाइप केलंत, मी अंगठा दिला. मला कुठे वाचता येतंय? पुढे पोरगी शाळेत जायला लागली, तिने कागद वाचून दाखवला."

बाईंचे हात कमरेवरून खाली आले. त्यांना तो माणूस आठवेना, ती दुपार आठवेना. काही म्हणजे काही आठवेना.

"पोरीला अजून वाटतं, आई बघून चालत नव्हती," तो म्हणाला.

"मला तेव्हाच शिव्या का नाही घातल्यात हो?" बाईंचा आवाज फाटला. "सात वर्षं शेजारी उभे राहिलात!"

बाईंनी आपल्या टेबलाजवळची खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली.

"बसा. सांगा."

"त्या पोरीचं?"

"तेही सांगा. आधी वहिनींचं."

फळवाला खुर्चीच्या काठावर टेकला.

"ती उभी होती," तो म्हणाला.

बाईंनी तेवढंच टाइप केलं, त्याला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि त्याच्या तोंडाकडे बघत थांबल्या.