निनादच्या खुर्चीवरून

आत्याचा चेहरा मला वाफेपलीकडेच दिसतो. हिवाळ्यातल्या रविवारी, दिवेलागणीच्या सुमारास, बाळकुमच्या तिच्या घरात जेवणाच्या टेबलावर विजेचं रुंद भांडं रटरटू लागतं, आल्याचा आणि मिऱ्यांचा उग्र गंध पडद्यांपर्यंत पोचतो, आणि खाडीकडच्या खिडकीतून आलेला उरलासुरला पिवळा उजेड त्या वाफेत शिरून क्षणभर तिच्या कपाळावर रेंगाळतो. मला तेवढाच क्षण हवा असतो. आणि नेमक्या त्याच क्षणी ती उठते.

हे भांडं निनादने, तिच्या एकुलत्या एका मुलाने आणलं. तो तैपेईत नोकरी करतो. दोन हिवाळ्यांपूर्वी घरी आला तेव्हा बॅगेतले कपडे भोवती गुंडाळून, काचेसारखं जपत त्याने ते आणलं होतं. मधोमध आडवी पडदी, एकीकडे साधा रस्सा, दुसरीकडे झणझणीत. भोवती चिरलेल्या भाज्या, कोळंबी, तांदळाच्या शेवया मांडायच्या. ज्याने त्याने हवं ते उकळत्या रश्श्यात सोडायचं आणि शिजलं की आपलं आपण काढून घ्यायचं. "आई, यात कोणाला वाढायचं नसतं. तुला उठावंच लागणार नाही," असं तो मोठ्या कौतुकाने म्हणाला होता. आत्याने त्या रश्श्यात कोकम आणि गोडा मसाला घालून तो आपल्या घरचा करून टाकला, पण उठायची सवय काही सोडली नाही.

निनाद परत गेला, भांडं राहिलं. तेव्हापासून थंडीतल्या दर रविवारी हा बेत असतो आणि मला कळव्याहून बोलावणं असतं, कारण फोटो मी काढायचा. तोही निनादच्या खुर्चीवरूनच. त्या खुर्चीवर एरवी कोणी बसत नाही. मी तिथे बसून मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरायचा, म्हणजे तिकडे त्याने फोटो उघडला की आपण आपल्या जागी जेवायला बसलो आहोत असं त्याला वाटेल, हा आत्याचा हिशोब. फोटो पाठवला की त्याखालच्या खुणा निळ्या होईपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. नैवेद्य दाखवून थांबावं तसे आम्ही थांबतो. पालक काळवंडतो, शेवयांचा लगदा होतो, आणि आत्याचे यजमान, आमचे काका, रिकाम्या वाटीवर चमचा वाजवत बसतात.

"अगं, पाहिला असेल त्याने एव्हाना," ते म्हणतात.

"पाहिला असता तर निळं झालं असतं," आत्या शांतपणे सांगते.

तिचं सगळंच असं शांत. गाजराच्या चकत्या ती एकावर एक टेकवून ठेवते, कोथिंबिरीची काडी दोनदा सरकवते, आणि हे करताना अगदी हलक्या आवाजात, शब्द नसलेलं काहीतरी गुणगुणते. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे की काय, ती टेबलाकडेही नकाशासारखी बघते. प्रत्येक गोष्ट आपल्या जागी आहे ना, एवढंच तपासते. त्या नकाशात स्वतःला मात्र ती कुठेच ठेवत नाही. व्हिडिओ कॉल आला की फोन काकांच्या तोंडासमोर धरून आपण मागून बोलते.

"आत्या, बस ना गं समोर! या खुर्चीवरून त्याला तूच दिसणार ना?"

"मला काय बघायचंय? तू भांडं नीट घे. वाफ आली पाहिजे."

माझं डोकं फिरतं. अख्ख्या हिवाळ्याचे फोटो चाळले तर भांडं आहे, गाजरं आहेत, काकांचं भुकेलं तोंड आहे. आत्या म्हणजे कुठे एक कोपर, कुठे पदराचा काठ. आणि एवढं करून निनादचं उत्तर काय, तर एक अंगठा. त्या अंगठ्यावर ती बाई आठवडा काढते, याचा मला भयंकर राग येतो. त्याचाही येतो आणि तिचाही.

संक्रांतीच्या आसपासच्या रविवारी मी शेवटी डाव साधला. ती कोळंबीची बशी सरळ करायला वाकली, वाफ बाजूला झाली, आणि मी बटण दाबलं. तिने "पुसून टाक, मी मध्ये आले" म्हणेपर्यंत फोटो गेलाही होता. खुणा निळ्या झाल्या. अंगठा आला नाही. तो काहीतरी लिहितोय असं दिसायचं, मग थांबायचं, पुन्हा दिसायचं. बराच वेळ असं चाललं.

"बघ, नाही आवडला त्याला," आत्या म्हणाली आणि आम्हाला वाढू लागली.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप मला आला, फक्त मला. "ए, आईचे केस एवढे पांढरे कधी झाले? कोणी बोललंच नाही मला." मला इतका आनंद झाला की पुढच्या रविवारी चप्पल काढता काढताच मी तो तिला वाचून दाखवला. वाटलं, आता तरी पटेल, आता तरी समोर बसेल.

तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. डोक्यावरून हळूच हात फिरवला.

"त्याला उगाच घोर लागला गं तिकडे," ती म्हणाली. "जेवताना घोर नको. मला यापुढे अजिबात घेऊ नकोस."

मी वाद घातला, आवाज चढवला, काकांनीही माझी बाजू घेतली. तिने आपली खुर्ची उचलून फ्रिजच्या आडोशाला नेली आणि तिथून म्हणाली, "हं, काढ आता." मी चरफडत फोटो काढला, वाफ सुरेख आली होती, आणि लगेच अंगठाही आला. काळ एक दिवस आपली माणसं नेतो, हे मला ठाऊक आहे. पण जाण्याआधीच जी स्वतःला पुसत चालली आहे, तिच्या मागे आठवणीने शोधायचं तरी कोणाला?