दुसरा वाडगा

उमेनोच्या हातातला वाडगा थरथरत होता आणि तिचा मुलगा इसाओ हसत होता.

"आई, तूच एवढी घाबरलीस तर माझी छाती कशाला धडधडेल? आण इकडे."

त्याने काळाभोर सोया सॉस घटाघटा पिऊन टाकला आणि तोंड वाकडं केलं. आज शाळेत सैन्यभरतीची तपासणी होती. मागच्या लढाईत बेटावरच्या कितीतरी पोरांनी हीच युक्ती केली होती. रिकाम्या पोटी सॉस प्यायचा, वर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. चेहरा पांढराफटक पडतो, छाती ढोलासारखी वाजते, आणि डॉक्टर हृदयाचा रोगी समजून घरी पाठवतो. उमेनोच्या नवऱ्याने मात्र नाक मुरडलं होतं. "असली लबाडी मला जमायची नाही," म्हणाला आणि गेला. त्याच्या अस्थींची पेटी आली, तिच्यात एक दगड होता.

जपान हरल्यावर सगळे म्हणाले, आता पुन्हा बंदूक नाही. कसलं काय! ज्या अमेरिकनांनी बंदुका गोळा करून नेल्या, त्यांनीच सात वर्षांत नव्या कोऱ्या आणून हातात दिल्या. कोरियात माणसं कमी पडू लागली तशी सक्तीची भरती आली. गावचा प्रमुख तर असा मिरवत होता, जणू त्याच्याच घरी लग्न आहे. वसंतात गेलेल्यांपैकी दोघांच्या पेट्या आल्याही होत्या. त्या हलवून पाहण्याची उमेनोची छाती झाली नव्हती.

तिने इसाओच्या छातीला कान लावला. ठोके अगदी संथ. सॉसच्या कारखान्यात, आईच्या पाठीवर बसून पिंपांमध्ये वाढलेलं पोर ते, त्याला मिठाचं काय! तिने वाडगा पुन्हा काठोकाठ भरला.

"आणखी? अगं, मी माणूस आहे, लोणच्यातला मुळा नाही!"

"पी म्हणते ना!"

शाळेच्या दालनात पोरं उघड्या अंगाने रांगेत उभी होती. उमेनो दाराशी थांबली. लष्करातले डॉक्टर निशिवाकी वयाने लहान दिसत होते, पण नजर भारी करडी. त्यांनी इसाओच्या छातीला नळी लावली, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा ऐकलं.

"नापास."

"जा बाळ, आईच्या कुशीत नीज जा," शेजारचा शिपाई म्हणाला.

बाहेर आल्यावर उमेनोला मोठ्याने हसावंसं वाटलं. तिने तोंडावर हात दाबून धरला. दोघं उतार उतरू लागली.

"आई, पाणी."

"घरी गेल्यावर. कुणी बघेल."

तो थोडा चालला आणि म्हणाला, "ही पिंपं का फिरतायत गं?"

तिथे एकही पिंप नव्हतं. पुढच्याच क्षणी त्याचे गुडघे मोडले, अंग आखडलं, डोळे वर गेले.

बेटावरच्या डॉक्टरांना शिशिरातच कोरियाला नेलं होतं. आज इथे डॉक्टर एकच होता, आणि तो वर शाळेत बसला होता. त्याला सांगावं तर पोर फौजेत जाणार. न सांगावं तर... मग ती वळून चढावर पळत सुटली. एक खडाव कुठे गळून पडली ते तिला कळलंही नाही.

"डॉक्टरसाहेब, माझा मुलगा! सॉस प्यायलाय तो! दोन वाडगे! मी पाजला, मीच पाजला!"

रांगेतल्या कितीतरी पांढऱ्याफटक पोरांनी माना खाली घातल्या. भिंतीशी बसलेली एक आई उमेनोकडे अशी बघत राहिली, की ती नजर जन्मात विसरता येऊ नये. डॉक्टर मात्र तोवर पेटी उचलून धावले होते.

इसाओला उचलून शाळेत आणलं. सुया टोचल्या, बाटल्या लावल्या. संध्याकाळी त्याने डोळे उघडले आणि आईला हाक मारली. उमेनोने डॉक्टरांसमोर जमिनीला कपाळ टेकलं.

"उठा बाई, वाचला तो," निशिवाकी घाम पुसत म्हणाले. त्यांनाही खरंच आनंद झाला होता. "दुसरं कुणी असतं तर गेलंच असतं. काय दणकट हृदय आहे पोराचं!"

असं म्हणाले आणि त्यांनी भरतीची यादी आणायला शिपायाला हाक मारली.

उमेनो जमिनीला कपाळ टेकून आभार मानत राहिली. तिला थांबताच येईना.