हसऱ्या महाराजांचे दोन ठसे

त्या रविवारी आमच्या गावात पाण्याचा टँकर आला आणि त्याच्यापुढं एकही घागर लागली नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते जत तालुक्याच्या पूर्वेकडं राहणाऱ्यालाच कळेल. टँकरवाल्यानं चार वेळा हॉर्न वाजवला, वाट पाहिली आणि शेवटी तोही इंजिन बंद करून बिरोबाच्या देवळापुढच्या मांडवात येऊन बसला. मांडवात हसरे महाराज लोकांची दुखणी घालवत होते.

महाराज लोणंदकडून आले होते आणि हा त्यांचा आमच्या गावातला दुसरा रविवार होता. पांढराशुभ्र झब्बा, कानाला अडकवलेला माइक आणि चेहऱ्यावर न मावळणारं हसू. त्यांचं शास्त्र फार सोपं होतं. दुखणं शरीरात नसतंच, ते विचारात असतं. विचार पॉझिटिव्ह केला की दुखणं पळालं.

"दुखतंय म्हणायचं न्हाई," महाराज म्हणाले. "मग काय म्हणायचं?"

"आनंद हाय," सगळा मांडव म्हणाला.

"कंबर धरली तर?"

"आनंद हाय."

"दाढ ठणकली तर?"

"आनंद हाय." पुढच्या रांगेत सुजलेला गाल धरून बसलेला बिराप्पाही म्हणाला, पण त्याच्या तोंडातून आनंद निम्माच बाहेर आला.

मग चमत्कार सुरू झाला. महाराज एकेकाला पुढं बोलवत. वाटीतल्या भंडाऱ्याच्या हळदीत बोटं बुडवून त्याच्या कपाळाला लावत. आमचा गाव धनगरांचा, भंडाऱ्याशिवाय इथं कुणाला काही खरं वाटत नाही, हे महाराजांनी बरोबर हेरलं होतं. मग त्या माणसानं उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायचा आणि काय दुखतंय ते सांगायचं. तो सांगत असतानाच महाराज भंडाऱ्याच्या बोटांनी त्याचा हात खाली दाबत. हात धपकन खाली.

"बघितलं? दुखणं तोंडातनं काढलं, की अंगातली ऊर्जा गेली."

मग तांब्याच्या पेल्यातलं ऊर्जा-जल एक घोट प्यायचं, 'आनंद हाय' तीनदा म्हणायचं, की महाराज पुन्हा बोटं बुडवून हात दाबत. या खेपेला हात जागचा हलत नसे. टाळ्या पडत. कंबरेचं दुखणं घेऊन आलेला माणूस छाती काढून परत जाई आणि दोन पावलांवर कंबर धरून हळूच खाली बसे. ते बघायला कुणाला सवड नसे.

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. नाव क्रांती. एवढ्यावरूनच महाराजांनी मला ओळखून असायला हवं होतं, पण ते परगावचे. माझी दुसरी ओळख अशी की मला एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर माझ्या पोटात भलत्याच ठिकाणी वाढतं आणि दर महिन्याला तिथं सूज येते. हे नाव कळायला मला अकरा वर्षं लागली. तोवर सगळ्यांनी मला एकच सांगितलं, बायकांचं असंच असतं. शेवटी मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं, जमेल तेवढं काढलं आणि गोळ्या सुरू केल्या. दुखणं कमी झालं. गेलं नाही. वाईट दिवशी मी रबरी पिशवीत गरम पाणी भरून पोटाला बांधते, वर साडी नेसते आणि नववीच्या वर्गाला उष्णता कशी वाहते ते शिकवते. प्रयोगाचं साहित्य अंगावरच असतं.

पण माझं हे अर्धवट बरं होणंच आता आडवं आलं होतं. नणंदेची मुलगी सृष्टी अकरावीसाठी आमच्याकडं राहते. तिचंही दर महिन्याला तसंच. दोन दिवस शाळा बुडते, पोर भिंतीकडं तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते. मी मिरजेची बुधवारची वेळ घेतली होती. सासूबाई धोंडुबाई आधी तयार होत्या. मग महाराज आले आणि त्यांनी सांगितलं की पाच रविवार गोळी नाही, डॉक्टर नाही, पोटावर सोनोग्राफीचं मशीन तर अजिबात नाही. मशीन लावलं की ऊर्जा फुटते.

"आत्याबाई, तिला तपासून तरी आणू," मी सासूबाईंना म्हणाले.

"तू एवढ्या गोळ्या खाल्ल्यास, तुझं गेलं का?"

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. माझी अकरा वर्षं गेली होती, तशी या पोरीचीही जाताना मला दिसत होती.

सासूबाईंना द्यायचं उत्तर मला सोमवारी मोरीत सापडलं. आदल्या रविवारी माझे सासरे नानासो महाराजांकडून कंबर दाबून, म्हणजे हात दाबून घेऊन आले होते. त्यांचा पांढरा शर्ट मी धुवायला घेतला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. उजव्या बाहीवर बोटांचे दोन लाल ठसे उमटले. एक मनगटाशी, दुसरा कोपराच्याही वर, पार दंडावर. मी तो शर्ट हातात धरून मोरीतच हसत बसले.

म्हणून या रविवारी मी पहिल्या रांगेत होते. पोटात पाळीच्या दुसऱ्या दिवसाची कळ होती आणि साडीखाली गरम पिशवी. महाराजांनी विचारलं, "कोण येतंय?" तशी मी उभी राहिले. शेजारी सृष्टीचा हात धरून बसलेल्या सासूबाईंचा चेहरा खुलला.

"काय दुखतंय, बाई?"

"एंडोमेट्रि..." मी एवढं म्हणतेय तोवर हात खाली गेला.

"बघा, नावच किती निगेटिव्ह हाय," महाराज मांडवाला म्हणाले. मी घोट प्यायले, तीनदा आनंद व्यक्त केला आणि हात पुन्हा धरला.

"आता घट्ट धरा," महाराज म्हणाले.

"धरते. पण भंडारा जरा भरपूर घ्या की, महाराज. देवाचं हाय."

महाराजांनी आनंदानं सगळी बोटं बुडवून दाबली. हात हलला नाही. टाळ्या पडल्या. मी तो हात तसाच लोकांकडं वळवला.

"सकाळपासनं ज्यांचा ज्यांचा हात महाराजांनी दाबला, त्यांनी आपापली बाही बघा. पिवळे ठसे किती हायत?"

मग बाया दंड बघू लागल्या, पुरुष बाह्या.

"दोन," बिराप्पा गालावरचा हात काढून म्हणाला. "एक मनगटाला, एक दंडाला."

"माझंबी तसंच," मागून कुणीतरी म्हणालं.

"हापशाचा दांडा कुठं धरता तुम्ही?" मी विचारलं.

"टोकाला," बिराप्पा म्हणाला.

"पार बुडाशी धरला तर?"

"मग दिवसभर लोंबकळलं तरी पाणी याचं न्हाई."

"तुमचा हात म्हणजेही दांडाच. पहिल्यांदा महाराज टोकाला दाबतात, तेही तुम्ही बोलत असताना, न सांगता. दुसऱ्यांदा खांद्याजवळ दाबतात, आणि 'घट्ट धरा' म्हणून आधी सांगतात. पेल्यात निव्वळ पाणी आहे."

महाराज हसले. हसण्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं. "बाईंची श्रद्धा कच्ची हाय. अशा माणसाजवळ ऊर्जा थांबत न्हाई."

तेवढ्यात धोंडुबाई उठल्या. जन्मभर मेंढरं हाकलेली बाई, तिला फसवलं गेल्याची शंका आली की ती खात्री करूनच राहते. त्यांनी वाटीत आपली बोटं बुडवली.

"महाराज, करा हात पुढं."

"आजी, माझा कशाला?"

"करा वो. तुमच्यात तर लय ऊर्जा आसंल."

सगळा मांडव बघत होता. महाराजांनी हात आडवा धरला.

"काय दुखतंय तुमचं?" धोंडुबाईंनी विचारलं.

"मला काय दुखतंय, मी तर आनं..." सासूबाईंनी मनगट दाबलं. हात खाली.

"आता घट्ट धरा हां." त्यांनी दंडावर दाबलं. हात जागच्या जागी. धोंडुबाई मांडवाकडं वळल्या. "आन पेलाबी न्हाई पाजला मी."

टँकरवाला सगळ्यांत आधी हसला. मग मांडवच हसायला लागला, आणि एकटे महाराज तेवढे हसेनासे झाले. हसण्याच्या त्या गलक्यात सृष्टी उभी राहिली. तिचा आवाज लहान होता, पण ती बोलली.

"आजी, मला दुखतंय. लय दुखतंय. दोन रविवार मी खोटंच आनंद म्हनले."

धोंडुबाईंचं हसणं थांबलं. त्यांनी भंडाऱ्याची बोटं पदराला पुसली आणि नातीला जवळ घेतलं. "मंग बोलायचं की गं, बाय. आमीच तुला गप केलं."

बुधवारी आम्ही तिघी मिरजेला गेलो. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, सगळं नीट विचारलं आणि सांगितलं की संशय त्याच आजाराचा आहे, सोनोग्राफीत तो दर वेळी दिसतोच असं नाही, गोळ्या सुरू करू, तीन महिन्यांनी परत या. चमत्कार काही झाला नाही. शून्य ते दहा यांत किती दुखतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा सृष्टीनं सवयीनं आधी आजीकडं पाहिलं.

"खरं काय ते सांग," धोंडुबाई म्हणाल्या. "हितं कुनी रागवत न्हाई."

"नऊ," सृष्टी म्हणाली, आणि रडली. आजीही रडली. मीही.

आनंदात राहू नये असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः दुखण्यासकट रोज हसते, शिकवते आणि संधी मिळाली की खोड्याही काढते. तो आनंद माझा आहे, आणि तो दुखणं लपवून आलेला नाही. कुणी तुम्हाला सांगितलं की वेदना म्हणजे तुमच्याच मनाचा दोष, तर त्याला पुरावा मागा आणि तो काय करतो ते नीट बघा. आणि घरातली मुलगी दर महिन्याला दुखतंय म्हणून पडून राहत असेल, तर तिला सोसायला शिकवू नका. तिचं म्हणणं खरं माना आणि तिला डॉक्टरकडं घेऊन जा.