खुराड्याला जाळी

मुंगसाने तिसरी कोंबडी नेली, त्या सकाळी मी जाहीर करून टाकलं की आता आणखी एक गेली तर उरलेल्या चारही देऊन मोकळी होणार. आमचे हे खिडकीशी बसले होते. सहा महिने तिथेच बसून होते. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, मग नजर अधू झाली, दुकान बंद झालं, आणि तेव्हापासून हाक मारली की जेवायला उठायचं एवढंच. त्या दिवशी मात्र म्हणाले, "जाळी मागव. मी करतो."

"सुईत दोरा ओवता येईना आणि निघालेत खुराडं बांधायला," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

"तारेला सुई लागत नाही," हे म्हणाले.

शेजारच्या वेल्डरने लोखंडी सांगाडा उभा करून दिला आणि अर्ध्या इंची जाळीचं भेंडोळं आणलं. भोक याहून मोठं असलं तर मुंगूस डोकं घालतं आणि मागोमाग धड आणतं, असं त्याचं म्हणणं. जाताना मला म्हणाला, "काकू, जाळी जमिनीशी संपवू नका. खाली फूटभर जास्त ठेवा, ती बाहेरच्या बाजूला पसरा आणि वर माती ओढा. मुंगूस जाळीला खेटूनच उकरतं. मागे सरकून उकरायची अक्कल त्याला नसते." मी यांना फूटभर जास्त ठेवा एवढं सांगितलं. बाहेरच्या बाजूला, हे मला इतकं उघड वाटलं की सांगितलंच नाही.

पाच दिवस काम चाललं. यांनी टेपने मापं घेतली, म्हणजे टेप यांनी धरली आणि आकडे मी वाचले. मग खडूने खुणा. पत्र्याच्या कात्रीने तुकडे कापले आणि बारीक तारेने एकमेकांना जोडले, दर इंचाला एक टाका, पक्कडीने पीळ देऊन. प्रत्येक टाका बोटाने चाचपायचा, तेव्हाच पुढे सरकायचं. कापलेली टोकं आत वळवली, कोंबडीच्या पायाला लागू नयेत म्हणून. "लग्नाचा कोट शिवताय का?" मी विचारलं. तोंडात तारेचे तुकडे धरले होते, पूर्वी टाचण्या धरायचे तसे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, "बघ." मी बघितलं. खालची फूटभर जाळी चारही बाजूंनी आत वळवून मातीखाली पुरली होती, पँटच्या पायाला दुमड घालावी तशी नीटनेटकी. चाळीस वर्षांत यांनी दुमड कधी बाहेर दिसू दिली नव्हती, ती आता कशी देतील?

त्या रात्री हे दोनदा भात मागून जेवले. बोटं ओरखडली होती, तरी बोलत होते. नाकावर माशी बसू न देणारी मी, पण मूग गिळून बसले. दुसऱ्या दिवशी हे दुपारी आडवे झाल्यावर मी खुराड्याभोवती बाहेरून फरशीचे तुकडे मांडले. वाटलं, झालं, कोंबड्याही वाचल्या आणि माणूसही.

संध्याकाळी यांची काठी फरशीवर वाजली. हे वाकले, हाताने चाचपत खुराड्याला पूर्ण फेरी मारली आणि पायरीवर येऊन बसले.

"या कशाला?"

"चिखल होऊ नये म्हणून."

"काय चुकलंय?"

"काही नाही हो."

काठी पायरीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "दुकान मी डोळ्यांमुळे बंद केलं नाही. गिऱ्हाइकं कपडे न्यायची, छान झालंय म्हणायची आणि पलीकडच्या शिंप्याकडून उसवून नीट करून घ्यायची. वर्षभर चाललं होतं. मला शेवटी त्या शिंप्यानेच सांगितलं. एकाने जरी तोंडावर सांगितलं असतं तर मी बाह्या पुन्हा लावून दिल्या असत्या."

मला माझीच लाज वाटली. वर्षभर दुकानातून घरी येऊन हा माणूस माझी बडबड ऐकत जेवत होता, आणि मला पत्ता नव्हता.

"उलटं दुमडलंय," मी म्हटलं. "ती फूटभर जाळी बाहेर हवी होती. आता बाहेर नुसती माती आहे, मुंगूस उकरत खालून आत निघेल. वेल्डर मला सगळं सांगून गेला होता, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं."

"चारही बाजूंना उलटं?"

"चारही."

यांनी मान हलवली. "मग असं सांगावं. पक्कड दे."

"उद्या करा. अंधार पडायला लागलाय."

"मला काय फरक पडतो?" हे म्हणाले आणि चक्क हसले. "तू आधी तुझ्या फरश्या उचल."

मी एकेक फरशी उचलून भिंतीला लावत गेले, आणि हे माझ्यामागून येत पहिल्या कोपऱ्यापाशी उसवायला बसले.