मळक्या रंगाचा डबा

मित्रांनो, माझ्या अंगावरचे वाळलेले ओघळ मोजायला बसलात तर तुमची सगळी संध्याकाळ जाईल. मी एक जुना, चार लिटरचा रंगाचा डबा आहे. पत्र्याच्या कारखान्यात यंत्राने मला गोल वळवलं, तळ बसवला, कडी अडकवली आणि माझ्यात खिडक्यांना देण्याचा निळा रंग भरला. तो आठवड्यात संपला. रिकाम्या डब्याला कोण विचारतं? पण मला विकत घेणारी बाई रंगकाम करणारी होती. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. तिने मला घासूनपुसून रंग कालवायला ठेवलं. नऊ वर्षं मी तिच्याबरोबर शिड्या चढलो. पुढे हलके प्लास्टिकचे डबे आले आणि मी जिन्याखाली गेलो. माझ्यात वाकड्या खिळ्यांनी बिऱ्हाड केलं.

एका रविवारी वाचनालयाच्या मागच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगाने एक शब्द लिहिला, ‘तोतरी’.

बोलताना अडखळणारी मुलगी गल्लीत एकच होती. ती मावशीची अकरा वर्षांची भाची, मावशीकडेच राहायची. येत्या शनिवारी ती वाचनालयात मुलांना पहिल्यांदाच एक गोष्ट वाचून दाखवणार होती. घरी तिने ती इतक्या वेळा वाचली होती की जिन्याखाली मलाही पाठ झाली होती. भिंत पाहून आल्यावर तिने पुस्तक दप्तराच्या तळाशी घातलं.

“मी न... नाही जाणार,” ती म्हणाली.

वाचनालयाचा शिपाई मनाने चांगला. त्याने सोमवारीच त्या शब्दावर पांढरा रंग फासला. भिंत जुनी, पिवळट करडी. तिच्यावर तो पांढराशुभ्र चौकोन गल्लीच्या टोकावरून दिसायचा. ज्यांनी शब्द पाहिलाच नव्हता तेही विचारू लागले, इथे काय होतं? आणि सांगणारे सांगू लागले. बुधवारी त्याच चौकोनात तोच शब्द पुन्हा उमटला, दुप्पट मोठा.

“मावशी, मी रंगाचे दोन हात दिले होते हो!” शिपाई कळवळून म्हणाला.

“दिलेस रे बाबा. पण आपणच लिहिणाऱ्याला कोरी पाटी टांगून दिली.”

मावशी घरी आली. तिने माझ्यातले खिळे जमिनीवर ओतले आणि मला पुन्हा उजेड दिसला.

गुरुवारी तिने पॉलिश पेपरने भिंत घासली आणि लाल रंग वर फुटू नये म्हणून प्रायमर लावला. मग माझ्यात पांढरा रंग घेतला. त्यात थोडा पिवळा, काडीच्या टोकाने काळा, चिमूटभर तपकिरी. ओला रंग एक छटा दाखवतो आणि सुकल्यावर दुसरी, म्हणून ती प्रत्येक वेळी पुठ्ठ्यावर ठिपका द्यायची, तो वाळेपर्यंत थांबायची आणि पुठ्ठा भिंतीला लावून बघायची. पहिले चार ठिपके चुकले.

“अजून मळका हवा,” ती पुटपुटली.

“अहो, रंग मळावा म्हणून एवढं खपणारी बाई जन्मात पहिल्यांदा बघतोय!” शिपाई हसला.

“हसू नकोस. ढवळ.”

पाचवा ठिपका भिंतीवर धरला आणि दिसेनासा झाला. शुक्रवारी तिने रंग दिला, पण चौकोनात नाही. कुठेही सरळ कड न सोडता ती रंग विरवत विरवत नेत राहिली, कोपऱ्यातल्या पाइपापर्यंत.

शनिवारी ती भाचीला म्हणाली, “वाचू नकोस हवं तर. माझ्यासोबत तिथे राहिलेला डबा परत आणायला तरी चल.”

दोघी भिंतीपाशी आल्या. मुलगी खालमानेने चालत होती. मग तिने हळूच वर पाहिलं. बोट टेकवत ती पाइपापर्यंत गेली आणि परत आली.

“क... कुठे होतं गं ते?”

“मलाही सापडत नाहीये,” मावशी म्हणाली.

मला ठाऊक होतं. पाइपापासून दोन हातांवर. पण मी गप्प राहिलो.

मुलीने बोट फ्रॉकला पुसलं. मग म्हणाली, “पुस्तक घ... घरी राहिलं. आणते.” आणि पळाली.

ती वाचत असताना मी खिडकीखाली होतो. चार ठिकाणी ती थांबली. कुणी घाई केली नाही.

आता मी वाचनालयाच्या मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असतो, उरलेल्या रंगासकट आणि ब्रशसकट. ज्याला आधी काही लिहिलेलं दिसेल त्याने तासाभरात मला खाली काढायचं, असं गल्लीने ठरवलंय. नंतर दोनदा कुणीतरी लिहिलं. दोन्ही वेळा शाळा भरण्याआधी भिंत गप्प झाली होती. लिहिणाऱ्याला वाचणारे हवे असतात. ते मिळेनात, तसं लिहिणं थांबलं.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत भिंत असेलच. तिच्यावर कुणाबद्दल काही दिसलं तर ते इतरांना बोलावून दाखवू नका. आधी माझ्यासारखा एखादा डबा शोधा. आणि एक विनंती, काम झालं की झाकण घट्ट दाबा. हवा लागली की माझ्या रंगावर साय धरते, आणि ही छटा जमवायला मावशीचा अख्खा दिवस गेला होता.