टॉवर उतरला त्या दिवशी

गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचा शेवटचा तुकडा क्रेननं खाली टेकवला आणि चेअरमन नवनाथभाऊंनी फाटकात हजाराची माळ पेटवली. पाथर्डी फाट्याच्या त्या सोसायटीत एवढा आनंद गणपतीलाही होत नसेल. हे सगळं तेजस्विनीमुळे, असं जो तो म्हणत होता. आठ महिने तिनं अर्ज केले, घरोघरी सह्या मागितल्या. बीएस्सी झालेली बाई, दारात वही घेऊन उभी राहिली की लोक सही करून मोकळे व्हायचे.

वही साईची, तिच्या दहा महिन्यांच्या मुलाची होती. टॉवरच्या लहरींनी त्याला काय काय होतं, ते ती तारखेनिशी टिपून ठेवायची.

आत्ता तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत साई तिच्या खांद्यावर झोपला होता. माळ तडतडली तसा तिनं त्याचे कान झाकायला हात नेला. शेजारचं बाळ किंचाळून रडू लागलं. खालचं कुत्रं जिन्यात शिरलं. साईची पापणीही हलली नाही.

तिचा हात तसाच राहिला.

"बघ, कसा शांत झोपलाय. गेला एकदाचा टॉवर," सुयश, तिचा नवरा, म्हणाला.

साई जागा झाल्यावर तिनं त्याच्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटलं. तो पडद्याच्या झालरीशी खेळत राहिला.

मग तिनं वही काढली. चौथ्या महिन्यातलं पान. तेव्हा साईला न्हाऊ घालायला हरसूलकडची लंकाबाई यायची. एकदा तिच्या हातून पितळी तांब्या बाथरूममध्ये पडला, खणकन.

"ताई, पोर दचाकलं नाय. कान दाखवून घ्या त्याचं."

तेजस्विनीला हसू आलं होतं. तिनं लंकाबाईला लहरी, मेंदू असं पुष्कळ समजावलं आणि वहीत लिहिलं, 'बाळ सुस्त. टॉवरचा परिणाम.' आठवड्यानं लंकाबाईनं पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा तिनं दुसरी बाई लावली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. जन्मापासूनच असावं, म्हणाले. टॉवरचा काही संबंध नाही. तिनं तरी वही पुढे सरकवली. त्यांनी ती सावकाश चाळली, त्या पानावर थांबले आणि मिटून परत दिली.

"सहा महिने आधी यायला हवं होतं."

पुढची तारीख फोनवर कळवणार होते. पण टॉवर गेल्यापासून घरात रेंज नव्हती. जिन्यात नवनाथभाऊ भेटले. "वहिनी, तुमच्या कृपेनं आता फोन करायला गच्चीवर जावं लागतं हो," असं हसत म्हणाले आणि तिला वाट करून दिली.

ती साईला कडेवर घेऊन गच्चीवर गेली. टॉवरच्या जागी सिमेंटचा चौथरा उरला होता, त्यात कापलेले चार बोल्ट. तिथंच काय ती रेंज मिळायची. चौथऱ्यावर चढून ती फोन हातात धरून उभी राहिली.

"साई," ती सवयीनं म्हणाली.

त्यानं तिच्या हलणाऱ्या ओठांवर बोट ठेवलं आणि ते पुन्हा हलायची वाट पाहत राहिला.