रिंग जातेय

"ट्रेलरचा डावीकडचा जॅक अजून थोडा उचल," रेंजमामा म्हणाला. ड्रायव्हरने दांडा फिरवला. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला तशी रेंजमामाने मान हलवली आणि तणाव्यांच्या खुंट्या ठोकायला घेतल्या.

टेकडीवरच्या शाळेचं मैदान होतं ते. खाली उतारावर कालपर्यंत गल्ल्या होत्या. आता नुसता ओला चिखल पसरला होता. पहाटे डोंगराचा कडा सुटला आणि घरांबरोबर मोबाइलचा टॉवरही घेऊन गेला. तेव्हापासून गावात एकही फोन लागत नव्हता. अशा ठिकाणी चाकांवरचा टॉवर घेऊन जायचं, खांब उभा करायचा, डिश उपग्रहाकडे वळवायची, हे रेंजमामाचं काम. पूर, वणवा, वादळ. लोक जीव मुठीत धरून जिथून बाहेर पडत, तिथे हा गाडीला ट्रेलर जोडून आत शिरायचा. नाव भाच्यांनी ठेवलेलं. पुढे ऑफिसातही तेच रुळलं.

त्या उतारावर, वरच्या गल्लीत, त्याचा धाकटा भाऊ राहायचा. शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. "दादा, जगाला रेंज वाटत फिरतोस, आणि माझ्या घरी मात्र खिडकीत लटकून बोलावं लागतं," असं प्रत्येक भेटीत ऐकवायचा.

गाडीत हे त्याने ड्रायव्हरला सांगितलं नव्हतं. लपवायचं होतं असं नाही. तोंड उघडलं की भलतंच बाहेर पडे: डिझेल भरलंस ना, मागच्या टायरची हवा बघितलीस ना.

भावजय मैदानाच्या कडेने आली. अंगावर कारखान्याचा डगला तसाच होता.

"भाऊजी, मी रात्रपाळीला गेले होते. हे घरीच झोपले होते."

"हं."

"फोन लागत नाही हो."

"लागेल. जरा थांब."

खांब एकेक टप्पा वर सरकला. डिशला उपग्रह सापडला, मोडेमच्या डबीवरचा दिवा हिरवा झाला, आणि मैदानभर फोन टणटण करू लागले. कुणी ओरडलं, कुणी मटकन खाली बसलं. रेंजमामाने वायरचा सांधा पुन्हा एकदा आवळला. तो आधीच घट्ट होता.

बचावपथकाचा प्रमुख धापा टाकत चढून आला. "मामा, खाली चिखलात फोन वाजतायत! पण तुमच्या जनरेटरच्या घरघरीत कुठून ते कळत नाही."

"बंद केला तर बॅटरीवर चालेल. पण बॅटरी जुनी आहे, फार दम धरणार नाही. ती बसली की सगळं बंद, जनरेटरही पुन्हा सुरू व्हायचा नाही. तुमचा बाहेरचा संपर्कसुद्धा तुटेल."

"मग काय करायचं?"

रेंजमामाने किल्ली फिरवली. जनरेटर गचके देत थांबला. "करा लवकर."

एवढी शांतता झाली की लोक हलायलाही घाबरू लागले. प्रमुखाने भोंग्यावरून सांगितलं, ज्यांचं माणूस खाली आहे त्यांनीच फोन लावा, बाकीच्यांनी आपापले बंद ठेवा. मग चिखलातून कुठेतरी एक गाणं दबक्या आवाजात वाजलं. माणसं तिकडे धावली, हातांनी माती उपसू लागली. बऱ्याच वेळाने तिथून एक म्हातारी निघाली, खोकत, शिव्या देत. मैदानातले लोक हसले आणि हसता हसता रडले. रेंजमामा बॅटरीच्या काट्याकडे बघत होता.

"तुम्ही लावा ना," भावजय म्हणाली. "माझी बोटंच चालत नाहीयेत."

त्याने नंबर लावला. "रिंग जातेय."

"जातेय? म्हणजे..."

"म्हणजे फोन चालू आहे. एवढंच."

रिंग संपली. त्याने पुन्हा लावला. खाली कान देऊन उभ्या असलेल्या माणसांतलं कुणी हललं नाही. पुन्हा लावला.

"मामा, बॅटरीचा लाल दिवा लागला," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

प्रमुखाचं आता रेंजमामाच्या हातातल्या फोनकडे लक्ष गेलं. "तुमचं कोण आहे खाली?"

"भाऊ."

"अहो, मग इथे काय करताय? जा ना खाली!"

"आणि हे कोण बघणार?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. त्याने पुन्हा नंबर लावला.

या वेळी उतारावरचा एक माणूस एकदम वाकला. त्याच्यापाठोपाठ दोघंतिघं फावडी घेऊन धावले. रिंग संपली की रेंजमामा लगेच पुन्हा लावत होता, त्यांना आवाज मिळत राहावा म्हणून. भावजयीने ट्रेलरची कड धरून ठेवली होती. मग खालची फावडी थांबली. रिंगही थांबली. फोन उचलला गेला.

"हॅलो? कोण?" आवाज अनोळखी होता.

"त्याचा मोठा भाऊ."

"दादा... उशीर झाला आम्हाला. फोन त्यांच्या हातातच होता."

"बरं."

"तुम्ही कुठे आहात?"

"वर. टॉवरपाशी."

खाली केशरी जाकीट घातलेला एक जण सरळ उभा राहिला, वळला, फोन कानाला लावूनच टेकडीकडे बघू लागला. त्याने हात वर केला. रेंजमामानेही केला.

दोघं तसेच उभे राहिले. आधी फोन ठेवणं दोघांनाही जमेना.